बाहेरून लावलेले कुलूप

सुज्ञ वाचकहो, आपल्या कामात चित्त एकाग्र राहावे म्हणून एका कष्टाळू स्त्रीने कोणता उपाय योजला, त्या उपायाने तिला प्रथम कसे यश दिले आणि तदनंतर एका उन्हाळी दुपारी त्याच उपायाने तिच्या काळजाचे पाणी कसे केले, हा संपूर्ण वृत्तांत मी पुढे यथामती निवेदन करणार आहे. जे घडले ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने मांडण्याची मी काळजी घेतली आहे. जे कोणी घरी बसून, डोक्यावर साहेब नसताना, केवळ स्वतःच्या जबाबदारीवर काम करतात, त्यांनी हा वृत्तांत विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी माझी नम्र विनंती आहे.

आमच्या रायपूर नगरीला नव्या राज्याच्या राजधानीचा मान मिळाला आणि शहराच्या पलीकडे मोकळ्या माळावर इमारती उभ्या राहू लागल्या. इमारत म्हटली की प्रथम नकाशा आला. असे नकाशे संगणकावर काढणारी नीलिमा नावाची एक तरुण स्त्री खमतराईच्या एका चाळवजा वस्तीत राहत होती. तिचे माहेर नागपूर. तिथेच तिने आय. टी. आय. मध्ये ड्राफ्ट्समनचे शिक्षण घेतले होते. तिचे यजमान इंद्रजीत हे सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते. विवाहानंतर नीलिमा तेलीबांध्याच्या एका कार्यालयात नकाशे काढावयास जात असे. पुढे त्या कार्यालयाचे मालक स्वानंद सर यांनी खुर्च्या कमी केल्या आणि तिला सांगितले की, आता घरूनच काम करा, जेवढे नकाशे तेवढा मोबदला. जिला हल्ली फ्रीलान्सर म्हणतात, ती अशा रीतीने नीलिमा झाली.

प्रारंभी तिला परमानंद झाला. बस नाही, धूळ नाही, कोणाची बोलणी नाहीत. परंतु लवकरच तिला उमगले की कार्यालयाला चार भिंती असतात, आणि घराला भिंती असूनही त्या कोणाला दिसत नाहीत. वस्तीतील समस्त स्त्रियांचे एकमत होते की नीलिमा घरीच तर असते. म्हणून कोणाचा गॅसचा सिलिंडर येणार असला की पैसे तिच्यापाशी ठेवले जात. कोणाचे मूल शाळेतून लवकर सुटले की तिच्या ओसरीवर बसवले जात असे. समोरच्या घरातील प्रेमला तर हातात भाजीचे ताट घेऊनच येई आणि भाजी निवडता निवडता दुपार निवडून टाकी. शेजारच्या वृद्ध भीमाबाई रोज येत. त्यांना मधुमेह होता. कोणती गोळी केव्हा घ्यावयाची हे नीलिमाने पाकिटावरून वाचून सांगावे, असा त्यांचा नेम होता, आणि गोळी सांगून झाल्यावर आपल्या लेकीची, म्हणजे गोंदियाला दिलेल्या गोदावरीची, हकिकत सांगावयाचा दुसरा नेम होता.

नीलिमाने नाना उपाय केले. पहाटे उठून पाहिले, तो दिवसा डोळे मिटू लागले. भिंतीवर वेळापत्रक चिकटवले, तर आलेल्या बायका ते मोठ्याने वाचत, तोंडभर कौतुक करीत आणि त्याच्याचखाली बसत. कोणी नसले तर मोबाइल होताच. तो वाजला नाही तरी वाजला असेल या शंकेने तिचा हात तिकडे जाई. या साऱ्याचा परिणाम असा झाला की तिचे नकाशे दोनदा उशिरा गेले. दुसऱ्या वेळी स्वानंद सरांनी दूरध्वनीवर अत्यंत शांत आवाजात सांगितले, "नीलिमाताई, वसतिगृहाचं हे मोठं काम तुमच्याकडे दिलंय. यात उशीर झाला तर बाकीचे सगळे नकाशे मी दुसऱ्याकडे देईन. राग मानू नका."

ते ओरडले असते तर नीलिमाला इतके भय वाटले नसते. कार्यालय सुटल्यानंतर घरचा पहिला नकाशा येईपर्यंत काही काळ ती रिकामी बसली होती, आणि रिकाम्या हातांचे भय काय असते ते तिला पुरते ठाऊक होते. काम गेले तर परत मिळावयाचे नाही, हा विचार तिला रात्रंदिवस सोडत नसे.

"बायांना सरळ सांगून दे ना, काम हाय म्हून," इंद्रजीत म्हणाले.

"कसं सांगू? शिकली म्हून घमंड आली म्हणतीन. तुमी तं सकाळी चालले जाता. मले इथंच राहणं हाय."

हेच तिचे दुसरे भय होते, आणि खरे सांगावयाचे तर पहिल्याहून मोठे होते. तोंडावर नाही म्हणणे तिला जमत नव्हते. म्हणून एके दिवशी जेवताना तिने आपला नवा उपाय सांगितला.

"तुमी जाताना बाहेरून कुलूप लावून जा."

इंद्रजीत यांनी तोंडाशी नेलेला घास थांबवला. "कोणाले? तुले?"

"मले नाई, दाराले."

"एकच झालं ना."

"एक कसं? कुलूप पाह्यलं का कोणी कडी वाजवत नाई. आल्या पावली वापस जाते."

"अन् कोणाले समजलं तं? पाऱ्यात, साऱ्या वस्तीत बोंब होईन, इंद्रजीतनं बायको कोंडून ठेवली."

"कसं समजीन? मी आवाजच नाई करणार."

"आग लागली तं?"

"कायची आग? सैपाक सकाळीच करून गॅस बंद करतो मी."

"मोबाइल तरी राहू दे जवळ."

"तो तं पह्यले घेऊन जा. तोच सगळ्यात मोठा पाहुणा हाय. अन् ते इंटरनेटचं डोंगलबी न्या. संध्याकाळी आणलं का मी नकाशा पाठवून देईन."

"तू तं स्वतःलेच जेल करून राहिली वो."

"जेलात काम होते म्हणतात."

ते हसले. दुसऱ्या दिवसापासून इंद्रजीत यांनी दाराला बाहेरून कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली, मोबाइल व डोंगल डब्याच्या पिशवीत ठेवले आणि ते कारखान्यास निघून गेले. त्या घराला मागील दार नव्हते. मागची भिंत दुसऱ्या ओळीतील घरांच्या पाठीला पाठ लावून उभी होती. पुढल्या बाजूस दार आणि दारालगत एक जुन्या पद्धतीची, गुडघ्याइतक्या उंचीवरची, गजांची व जाळीची खिडकी, एवढीच बाहेरची वाट होती. त्या खिडकीला नीलिमाने आतून चादर लावली.

उपाय लागू पडला. किंबहुना अपेक्षेपेक्षा अधिक लागू पडला. पहिल्याच दिवशी तिने जितके काम केले तितके त्यापूर्वी आठवड्यात होत नसे. भिंती, खांब, खोल्या, मोऱ्या, सारे काही तिच्या हाताखालून पाण्यासारखे वाहू लागले. परंतु या यशासोबत एक विचित्र भय घरात शिरले आणि तेही कुलपाच्या आतच अडकून पडले.

आपण घरी नाही हे सिद्ध करण्याकरिता तिला घरात नसल्यासारखे राहावे लागे. मे महिना चालू होता. वस्तीतील प्रत्येक घराचा कूलर घरघरत असे, परंतु नीलिमाला आपला कूलर लावता येत नव्हता, कारण बंद घरातून कूलरचा आवाज कसा यावा? ती ओला पंचा मानेवर टाकून बसे. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकत असे. हातून वाटी पडली तर ती जागच्या जागी थिजून जाई आणि बाहेर कोणाचे पाऊल थांबते का, हे कान देऊन ऐके. स्वतःच्या घरात चोर होऊन राहणे म्हणजे काय, हे तिला कळले.

एके दुपारी प्रेमला आणि तिची जाऊ कलावती तिच्याच पायरीवर सावलीला टेकल्या.

"कुठं जाते ही रोज?" कलावतीने विचारले.

"ऑफिसात असंन. नाई तं मायकेत."

"मायका तं नागपूरले हाय. रोज नागपूरले जाते का?"

"मंग तेलीबांध्याले तलावाच्या काठी बसत असंन." दोघी खुदखुदल्या.

"नवरा भट्टीपुढं जळून राहिला अन् बायको हवा खाऊन राहिली."

"जाऊ दे ना दीदी. आपल्याले काय करणं हाय?" असे म्हणून प्रेमलाने त्यानंतर पुष्कळ वेळ आपल्याला काय करणे आहे ते सांगितले.

आत नीलिमा खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिला राग आला नाही. तिला भीती वाटली. मृत मनुष्य आपल्याविषयीचे बोलणे ऐकत असेल तर ते असेच ऐकू येत असेल, असा विचार तिच्या मनात आला. तरीही तिने चादर बाजूला केली नाही. काम होत होते, आणि त्या कामावर तिचे सर्वस्व लागले होते.

आता मी त्या दिवसाकडे येतो.

वसतिगृहाचा अखेरचा नकाशा त्या संध्याकाळी पाठवावयाचा होता. खोल्या पूर्ण झाल्या होत्या, केवळ जिने राहिले होते. जिन्याचे काम नाजूक असते. एका पायरीची उंची चुकली तर वरच्या मजल्यापर्यंत चूक चढत जाते. दुपार ऐन भरात होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि घराघरांतील कूलरांचा एकच अखंड घरघराट कारखान्यासारखा चालला होता. नीलिमा घामाने निथळत होती, परंतु तिची दृष्टी पडद्यावरून ढळत नव्हती.

इतक्यात दाराचे कुलूप हलले.

कोणी कडी वाजवली नाही. कुलूपच धरून हलवले. नीलिमाचा हात माऊसवरून आपोआप उचलला गेला.

"नीलिमा. ओ नीलिमा."

तो भीमाबाईंचा आवाज होता. कुलूप लागू लागल्यापासून भीमाबाईंनी एकदाही दाराशी येऊन हाक मारली नव्हती. नीलिमाने श्वास रोखला. जातील, असे तिने स्वतःला सांगितले.

"ये ना बाहीर. कवाची उभी हावो मी."

कुलूप पुन्हा हलले, या वेळी जोराने.

"उघडत नाई का? माजली का तू?"

नीलिमा दचकली. भीमाबाई अशा बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. वस्तीतील सर्वांत मऊ जीभ त्यांची. आणि नीलिमाला आठवले की पूर्वी दोनदा, गोळी घेतल्यानंतर वेळेवर जेवण न झाल्यामुळे, भीमाबाईंच्या रक्तातील साखर उतरली होती. तेव्हाही प्रथम त्यांना असाच राग आला होता. राग येतो, मग बोलणे भरकटते, मग दरदरून घाम फुटतो. दोन्ही वेळा नीलिमाने साखरेचे पाणी पाजले होते आणि त्या थोड्याच वेळात ताळ्यावर आल्या होत्या.

"गोदावरी," बाहेरचा आवाज आता खाली घसरला होता. "गाडी लागली ना बाई. थैली घे. बाबा पुढं गेले."

गोदावरी गोंदियाला होती. गोदावरीचे बाबा केव्हाच वारले होते.

वाचकहो, येथे मी काही झाकून ठेवणार नाही, कारण नीलिमाने स्वतःही काही झाकले नाही. तिला सर्व समजले होते. परंतु तिच्या मनाने त्या क्षणी वकिली सुरू केली. कदाचित म्हातारीला ऊन लागले असेल. कदाचित झोपेतून उठून आली असेल. आपण ओ दिली आणि काही विशेष नसले, तर कुलपाचे बिंग फुटेल. उद्यापासून सारी वस्ती या दारात बसेल. आणि आपण ओ देऊन तरी काय होणार, दार तर आपल्याला उघडता येत नाही. एवढा एक जिना होऊ दे. एवढा झाला की खिडकीतून पाहू.

तिने पुन्हा माऊस हाती घेतला आणि पायरीमागून पायरी काढू लागली. बाहेर पुटपुट चालू होती तोवर ती काढत राहिली.

मग भिंतीला काहीतरी घासत खाली गेल्याचा आवाज झाला, जसे धान्याचे पोते टेकवावे तसा, आणि पुटपुट थांबली.

त्या शांततेने नीलिमाच्या हातून माऊस सुटला. ती खुर्चीवरून उठली, खिडकीशी गेली आणि तिने चादर ओढून काढली. भीमाबाई खिडकीच्या अगदी खाली, भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मान एका खांद्यावर कलली होती. केस घामाने कपाळाला चिकटले होते. अर्धे अंग उन्हात होते.

"मावशी. मावशी, इकडं पाहा."

पापण्या थोड्या हलल्या, उघडल्या नाहीत.

नीलिमा दाराकडे धावली आणि तिने ते दोन्ही हातांनी ओढले. दार आपले कर्तव्य करीत उभे राहिले. बोटभर फट पडली आणि त्या फटीतून कुलपाची लोखंडी कडी दिसली. मोबाइल सिलतऱ्याला होता. डोंगल सिलतऱ्याला होते. किल्ली भट्टीपुढे उभ्या असलेल्या मनुष्याच्या खिशात होती. एकाग्रतेकरिता तिने जे जे घराबाहेर धाडले होते, ते सर्व एकत्र येऊन जणू तिच्या छातीवर बसले.

ती खिडकीशी परतली आणि ओरडली. "प्रेमला दीदी. दीदी, बाहीर या." तिचा आवाज कूलरांच्या घरघराटात असा बुडाला की तिला स्वतःलाही तो नीट ऐकू आला नाही. समोरची दारे बंद होती. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली, आणि तिच्या ध्यानी आले की आपण ओरडण्यात वेळ दवडत आहोत आणि म्हातारी हातातून जात आहे.

तिने स्वयंपाकघरातून विळी आणली, बडवण्याकरिता परात व लाटणेही आणले, आणि विळीने खिडकीची जाळी फाडली. वाटीत साखर घेतली, थोडे पाणी टाकून तिचा घट्ट लगदा केला. पातळ पाणी बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतू नये, श्वास कोंडतो, हे तिने दवाखान्यात ऐकले होते. मग ती खिडकीशी गुडघे टेकून बसली आणि तिने उजवा हात खांद्यापर्यंत गजांतून बाहेर काढला. फाटलेल्या जाळीच्या तारांनी दंड सोलला गेला. हात भीमाबाईंच्या डोक्यापर्यंत पोहोचला, गालापर्यंत पोहोचला, परंतु तोंड दुसऱ्या बाजूस वळलेले होते. तिने हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. तो चेहरा इतका थंड आणि ओला होता की क्षणभर तिला वाटले, संपले.

"मावशी, मी आली. मी हावो इथं," असे म्हणत तिने साखरेची बोटे त्यांच्या ओठांतून आत, गालाच्या आतल्या बाजूस फिरवली. हात आत घ्यावा, वाटीत बुडवावा, पुन्हा बाहेर काढावा. किती वेळा केले याचा तिला हिशोब राहिला नाही. जबडा तसाच सैल राहिला. आपण मेलेल्या माणसाच्या तोंडात साखर भरत आहोत की काय, असा विचार तिच्या मनात आला, परंतु हात थांबला नाही.

मग तिच्या बोटांना जिभेची किंचित हालचाल लागली. अगदी किंचित. जीभ साखरेकडे वळली होती.

नीलिमाने डाव्या हाताने परात ओढली आणि लाटण्याने ती बडवावयास प्रारंभ केला. उजवा हात बाहेर, डावा आत, आणि मध्ये गज. परातीचा आवाज कूलरांवर मात करीत असावा किंवा नसावा, परंतु तेवढ्यात प्रेमला कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी बादली घेऊन बाहेर आली. तिने पाहिले ते असे की, कुलूप लावलेल्या घराच्या खिडकीतून रक्ताने माखलेला एक हात बाहेर आला आहे आणि त्याने भीमाबाईंचे तोंड धरले आहे. बादली जमिनीवर आपटली. प्रेमला आत पळाली आणि तिने दार लावून घेतले.

नीलिमा पुढे सांगत असे की, त्या बंद झालेल्या दाराएवढी भयंकर वस्तू तिने आयुष्यात पाहिली नाही.

"दीदी, मी हावो. नीलिमा हावो."

बऱ्याच वेळाने दार फटभर उघडले. "कोण हाय अंदर?"

"नीलिमा. कुलूप तोडा जल्दी."

"नीलिमा तं घरी नाई."

"घरीच हावो मी दीदी. रोज घरीच असतो."

प्रेमला दोन पावले पुढे आली, एक मागे गेली. मग तिने त्या हातातील हिरव्या बांगड्या ओळखल्या असाव्यात, कारण ती धावत आली. कलावती सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली. कुलूप मजबूत होते, इंद्रजीत यांनी चांगले पाहून आणले होते. ते तुटेपर्यंत भीमाबाईंनी दोनदा "ऊं" केले होते. दार उघडताच नीलिमा बाहेर आली आणि त्यांचे डोके मांडीवर घेऊन पुन्हा साखर भरवू लागली. कोणी ऑटो आणण्यास पळाले.

गर्दी जमली तशी वस्तीची दृष्टी म्हातारीवरून कुलपाकडे आणि कुलपावरून नीलिमाच्या सोललेल्या दंडाकडे वळली.

"कधीपासून बंद करून ठेवते तो तुले?" प्रेमलाने हळूच विचारले.

"त्यायनं नाई ठेवलं. मीच सांगितलं होतं."

"मार खाणारी बाई असंच म्हणते," कलावती मागून म्हणाली.

"सच सांगतो दीदी. काम करायले शांती पाह्यजे होती म्हून."

"आमी काय वाघ होतो का?" प्रेमला म्हणाली. "बोलून देती तोंडानं."

तेवढ्यात ऑटो आला.

रुग्णालयात भीमाबाईंना सलाईनमधून साखर चढवण्यात आली. डॉक्टरांनी सांगितले की, गोळीचा अंमल पुष्कळ वेळ टिकतो म्हणून रात्रभर ठेवावे लागेल. आणि आणखी उशीर झाला असता तर, असे म्हणून त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्या अपुऱ्या वाक्यात एका जिन्याच्या पायऱ्या होत्या, आणि ते केवळ नीलिमाला ठाऊक होते. संध्याकाळी इंद्रजीत धापा टाकीत आले. वस्तीतून येताना त्यांना लोकांनी काय काय ऐकवले असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर स्वानंद सरांचे पुष्कळ दूरध्वनी येऊन गेले होते.

दिवेलागणीच्या सुमारास भीमाबाई पूर्ण शुद्धीवर आल्या. त्यांनी छताकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले, मग नीलिमाकडे पाहिले.

"घरचा गॅस सरला होता," त्या म्हणाल्या. "गोळी घेतली अन् मंग पाह्यलं, गॅस नाई. म्हणलं, नीलिमाकडं भाकर असंन."

"मावशी, कुलूप होतं ना."

"कुलूप तं रोजच राहते. तू अंदर राहतं हे मले ठाऊक हाय. तुही माही भिंत एक हाय. तुह्या खुर्चीचा आवाज येते दुपारी."

नीलिमाने विचारले, "मंग बोलल्या काहून नाई कोणाले?"

"कायले बोलू? पोट्टी काम करून राहिली. सुखासुखी कुलूप लावत नाई कोणी." मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "आज आवाज देल्ला तं तू नाई आली."

नीलिमाला खोटे बोलता आले असते. कानात कापूस होता, डोळा लागला होता, काहीही चालले असते. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"मी ऐकलं होतं मावशी. समजलंबी होतं. तरी मी काम करत राहिली."

भीमाबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"हव," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या "हव" मध्ये क्षमा होती की नव्हती, हे नीलिमाला तेव्हा समजले नाही आणि पुढेही समजले नाही.

स्वानंद सरांनी सर्व हकिकत ऐकून घेतली, म्हातारीची विचारपूस केली आणि सांगितले की वसतिगृहाचे जिने ते दुसऱ्याकडून करवून घेत आहेत. "तुमच्याजोगं लहानसहान काही निघालं तर कळवतो." दरम्यान पावसाळा आला आणि गेला. त्यानंतर त्यांनी एक दुमजली घर दिले. नीलिमाने ते घेतले. दाराला बाहेरून कुलूप पुन्हा कधी लागले नाही. मोबाइल टेबलावर असे.

ते काम सुरू झाले त्याच दिवशी प्रेमला मेथीची जुडी घेऊन दारात उभी राहिली.  नीलिमाने खुर्ची वळवली, ती उठून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "दीदी, काम करून राहिली मी. संध्याकाळी बसू."

"हव बाई. मोठ्या इंजिनियर तुमी." प्रेमला जुडी घेऊन निघून गेली, आणि तीन दिवस तिने नीलिमाच्या नमस्काराला उत्तर दिले नाही. नीलिमा मात्र खुर्चीवर परत आली आणि तिने भिंतीची रेघ सरळ काढली.

भीमाबाई आता येत नसत. नीलिमाच दुपारी जेवणाच्या वेळी काम बाजूला ठेवून त्यांच्याकडे जाई, गोळी घेतली का, जेवण झाले का, असे विचारी. त्या "हव" म्हणत. गोदावरीची हकिकत त्या सांगत नसत. उरलेल्या वेळात नीलिमा मन लावून नकाशे काढी, आणि तिचे काम वेळेवर जाऊ लागले होते. केवळ एक गोष्ट तिला टाळता येत नव्हती. भिंतीपलीकडे भांड्याचा, नळाचा, खाटेचा, काही ना काही आवाज चालू असे. तो मध्येच थांबला की तिचा हात माऊसवर थबके. ती श्वास रोखून बसे आणि कान भिंतीकडे लावी. पलीकडे वाटी वाजली, खाट करकरली, भीमाबाई खोकल्या, की मग ती पुढली रेघ काढी.

माझे निवेदन येथे संपले. आपला अमूल्य वेळ देऊन माझे हे साधे लेखन शेवटपर्यंत वाचल्याबद्दल मी सर्व वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास तो दोष माझ्या अल्प शिक्षणाचा समजावा.

आपला नम्र,
हरिदास रामटेके
खमतराई, रायपूर